घरात नाही, खिडकीत

टॅब घेऊन आलेली पोरगी उंबऱ्यातच थबकली,
म्हणाली, मावशी, पाचच मिनिटं, सर्व्हे आहे.
कन्नमवारनगरात दुपारी तीनला येणारी माणसं
एक तर वॉटर फिल्टर विकतात, नाहीतर देव.
हिनं दोन्ही आणलं नव्हतं,
म्हणून टेबलफॅन तिच्याकडे फिरवला.

घरात कोणी सिगारेट ओढतं?
घरात नाही, म्हटलं. खिडकीत.

ती हसली नाही. बोट अधांतरी राहिलं.
खिडकीचा पर्याय नव्हता तिच्याकडे.

आता मी काही खोटं बोलले नव्हते.
हे खिडकीतच ओढतात, ग्रिलला कोपर टेकून,
तुळस आणि तेलाच्या डब्यातली कोरफड यांच्या मधोमध.
तोंड बाहेर, पाठ आत.
धूर हायवेकडे जायला निघतो,
वारा खाडीकडून असला
की काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.

तुम्ही स्वतः?
नाही गं बाई. मी फॉल-बिडिंग करते.

मग तिनं वाचून दाखवलं,
तुमच्या मते तुम्हाला फुफ्फुसाचा कॅन्सर व्हायचा धोका किती?
खूप कमी, कमी, मध्यम, जास्त, खूप जास्त.
पाणीपुरीवाला विचारतो तसं. तिखट किती?

कमी, म्हटलं.
आमच्यात कुणाला नाही.
यांच्या भिवामामानं चौऱ्याऐंशीपर्यंत विड्या ओढल्या
आणि गेला तो फणस काढताना, फांदीवरून.
शिवाय हवा तुम्ही बघताच. देवनारला कचरा पेटला
की ओढणारे, न ओढणारे सगळे एका पंक्तीला.

बोलून झाल्यावर लक्षात आलं, ही यांची वाक्यं.
सव्वीस वर्षं ऐकून
माझ्या तोंडात माहेरच्या म्हणींसारखी बसलेली.

पोरीनं "कमी"वर बोट टेकवलं.
एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला,
कधी वाटलं तर फोन करा.
काय वाटलं तर, ते नाही सांगितलं.

गेल्या दिवाळीत पोंक्षेबाई पैठणी परत घेऊन आल्या होत्या.
फॉल छान बसलाय हो, म्हणाल्या, पण वास…
आणि पदर नाकाशी नेऊन पटकन खाली केला,
माझ्यासमोर बरं दिसेना म्हणून.
तेव्हापासून प्रत्येक साडी प्लास्टिकमध्ये, वर रबरबँड.
यांनी काडी ओढली की मांडीवरचीही झाकते,
टाका घालायला वीतभर काठ उघडा,
बाकी सगळं बंद.
मी तिथेच बसते.
उजेड तिथेच येतो.

आज ब्लाउजच्या बाहीला नाक लावून पाहिलं.
काही आलं नाही.
नाकानं त्याला केव्हाच घरचा माणूस मानलंय;
घरच्या माणसाला कोण रोज हुंगून बघतं.

पाचला हे उठले. चहा. खिडकी.
कोण आलं होतं?
कोणी नाही. पाणी वेळेवर येतं का विचारायला.
मग सुईत दोरा ओवता ओवता, का कोण जाणे, म्हटलं,
भिवामामाच्या मामी कशानं गेल्या हो?

काडी पेटलेली. तशीच हातात.
"खोकायची," म्हणाले.
"मी चौथीत होतो तेव्हा. चुलीचा धूर असणार."
ज्योत बोटापर्यंत आली तशी झटकली.
दुसरी ओढली.

अबोली साडीवर मी पिशवी चढवली.
चिठ्ठी सुयांच्या डबीत आहे, घडी घालून,
म्हणजे दिवसातून चार वेळा हाताला लागते.

चौऱ्याऐंशी हा आकडा या घरात पोराबाळांना पाठ आहे.
मामीची किती झाली होती, कुणी मोजलेली नाहीत.
नावही विचारायचं राहिलं.