सल्ला नावाचं गाव

फिनलंडच्या पार टोकाला, रशियाच्या सीमेलगत
एक गाव आहे, त्याचं नाव सल्ला.
तिथे कुणी कुणाला सल्ला देत नाही.
अगदी विचारलंच तर माणसं खिडकीबाहेर बघतात
आणि म्हणतात, "थंडी वाढेल."

सिनिक्काची कोरोला सत्तावीस वर्षांची.
रात्री तिला वायरने खांबाशी जोडून ठेवायचं,
दावणीला गाय बांधावी तसं.
नाहीतर उणे तीसमध्ये इंजिनातलं तेल
काकवीसारखं दाटून बसतं
आणि सकाळी चावी फिरवली की
गाडी नुसतीच उसासते.

चार लाख अडतीस हजार किलोमीटर,
बहुतेक सगळे एकाच रस्त्यावरचे.
म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन गोळ्या मोजून द्यायच्या,
पायाच्या जखमा धुवायच्या.
सरपण आत आणून ठेवणं कामात मोडत नाही,
तेही करायचं.

ओस्मोने गाडी लिफ्टवर चढवली.
दाराखालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.
दाबला नाही, टेकवला.
तो आरपार गेला.
चिमूटभर तपकिरीसारखा गंज
त्याच्या बाहीवर सांडला.

"किती?"
त्याने पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:
दोन्ही बाजूंचं वेल्डिंग, मागचे ब्रेक, पुढचा बॉल जॉइंट.
अकराशे साठ युरो.
गाडी विकली तर सातशे,
तेही हिवाळी टायर धरून.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
असं आपण म्हणून मोकळे होतो.
कोंबडी अजून अंडी देत होती का,
ते म्हणीत आलेलं नाही.

गेल्या वर्षी अल्टरनेटर. त्याआधी क्लच.
त्याआधी सायलेन्सर, जो जंगलाच्या रस्त्यात
रेनडिअरच्या कळपासमोर गळून पडला.
दर वेळी, हे शेवटचं.
आधी घातलेले पैसे वाया जाऊ नयेत
म्हणून आणखी घालायचे, ही रीत तिला ठाऊक आहे.
तिच्या भावाने केमीत याच रीतीने
पत्त्यांवर घर घालवलं.
नव्या गाडीचा हप्ता तीनशे दहा, पाच वर्षं.
हप्ते फिटतील तेव्हा ती सहासष्टची असेल
आणि गोळ्या मोजून द्यायला
कदाचित दुसरंच कुणी तिच्या दारात येईल.

शिवाय ते उजवं दार.
ते आतून उघडत नाही.
दवाखान्यात न्यायचं असलं की सिनिक्का उतरते,
फेरा घालून जाते, बाहेरून उघडते.
एक्याण्णव वर्षांच्या लेम्पीला वाटतं
हा आपला मान आहे.
ती आधी हातमोजा नीट करते,
मग हात पुढे करते.

"वेल्डिंग मी करणार नाही," ओस्मो म्हणाला.
सोळा वर्षं या गाडीने त्याला कमाई दिली होती.
"ठिगळाला निदान कापड तरी लागतं.
इथे कुठे शिवू?"
सल्ला गावात हे इतकं बोलणं
म्हणजे जवळजवळ भाषण.
त्याचे कान लाल झाले.
त्याने कॉफी ओतली, तिच्या कपात आणि थोडी टेबलावर.

"तपासणी एप्रिलात आहे," ती म्हणाली.
"तोवर?"
तो खिडकीबाहेर बघू लागला.

शेवटी ब्रेक केले, आणि बॉल जॉइंट.
तीनशे चाळीस.
थांबण्यापुरती दुरुस्ती, टिकण्यासाठी नाही.
गंज तसाच ठेवला,
त्यावर काळा रंगसुद्धा फासला नाही.

त्या रात्री तिने वायर जोडली
आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली,
अगदी थोडा वेळ, शेजारचा कुत्रा भुंकेपर्यंत.

नव्या गाडीचं दार आतून उघडेल.
लेम्पी स्वतःच उतरू शकेल.
तेव्हाही फेरा घालून जायचं का,
हे सिनिक्काने अजून
ठरवलेलं नाही.