देऊ शकेल

एर्देनेतच्या शाळेत करार मी टाइप करते.
सतरा कलमं. डावीकडे मंगोल, उजवीकडे इंग्रजी,
मधे एक उभी रेघ,
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत :
दोन्हींत तफावत आढळल्यास
डावी बाजू ग्राह्य धरण्यात येईल.

उजवी बाजूही माझीच म्हणा.
भाषांतराला शाळेत दुसरं आहे कोण?

ऑगस्टमध्ये येतात ते.
मनिलाकडची रोवेना,
दोन मुलींचा फोटो फोनच्या झाकणात दडवलेली.
फर्गल, ज्यानं काहीच वाचलं नाही,
सही ठोकली आणि विचारलं, इथे मासे मिळतात?
आणि कॅमेरूनचा एन्ग्वा, भौतिकशास्त्र,
ज्यानं माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली
आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढली.

'आठवड्याला चोवीस तास
व अनुषंगिक कामे.' एक रेघ.
'निवासस्थान उबदार असेल.' एक रेघ.
नवव्या कलमापाशी पेन्सिल थांबली.
'शाळा परतीचं तिकीट देऊ शकेल.
शकेल म्हणजे?'
म्हणजे देते, मी म्हटलं.
'मग देईल असं का नाही?'
त्सेव्हेलमा बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.
मी म्हटलं, आमच्यात सभ्यपणे असंच लिहितात.

खोटं बोलले.
आमच्यात मेंढी द्यायची असली
की माणूस मेंढी देतो.

चोवीसाचे एकतीस तास झाले, अनुषंगानं.
सप्टेंबरात नळ्यांना वाफ नव्हती,
ती शहराच्या हातात, शाळेच्या नाही;
एन्ग्वा ओव्हरकोट घालून फळ्यावर उष्णता शिकवत होता,
मुलं हसली, तोही हसला.

फेब्रुवारीत त्याची आई गेली.
कलम अकरा : जवळच्या नातलगाच्या निधनासाठी
तीन दिवस, भरपगारी.
मीच हिशेब करून दिला त्याला :
उलानबातरपर्यंत रात्रीची गाडी,
मग तीन विमानं,
मग दुआलाहून बामेंडाची बस.
घराच्या दारात पोचला असता
आणि तिथेच रजा संपली असती.
तो गेला नाही.
तिन्ही दिवस खोलीत होता. चौथ्या दिवशी
लंबक घेऊन वर्गात आला.

दहावीतली सोलोंगो घरून
थर्मासमधून दूध घेऊन आली होती.
मधल्या सुट्टीत मैदानात गेली, लाकडी चमच्यानं
आकाशाला शिंपडू लागली, आजी शिंपडते तसं.
उणे एकतीस होतं.
मग थांबली. सर, तुमचं गाव कुठल्या दिशेला?
त्यानं प्रयोगशाळेतून होकायंत्र आणलं.
तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिला,
काटा स्थिर होता तरी.
मग हात लांब केला : तिकडे.

हे कुठल्याच कलमात बसत नाही. मी शोधलं.

जूनमध्ये तो ऑफिसात आला,
करार चार घड्या करून खिशात.
त्सेव्हेलमा बाई वाईट नाहीत. छप्पर गळत होतं,
बसचं इंजिन गेलं होतं.
त्या म्हणाल्या, शकेल लिहिलंय ना?
यंदा नाही शकत.
त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.
पेन्सिल परत करून गेला,
टोक केलेली.

आता पुन्हा ऑगस्ट.
नवी माणसं, तोच मसुदा, फक्त तारखा बदलायच्या.
उजव्या बाजूला मी 'देईल' केलं.
ते सोपं होतं, ती बाजू
इथे कुणी वाचत नाही.
डाव्या बाजूला बोट अडलं.
चहा केला, मीठ घालायला विसरले,
तसाच प्याले.
मग तिथेही केलं.

आत्ता कागद त्यांच्या टेबलावर आहेत.
बाईंनी चष्मा लावलाय.
त्या नेहमी डावीच बाजू वाचतात,
एकेका ओळीखाली बोट सरकवत.
आठव्या कलमापर्यंत आल्यात.