मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेली लाकडी दारं ती.
भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटी लागली की आपसूक उघडतात
आणि आतलं पाणी नदीला देऊन टाकतात.
कुणी सांगावं लागत नाही त्यांना.

माझ्या अंगातली दारं मात्र
सकाळी आठला आणि रात्री आठला
गोळी घेऊन मीच सैल करते.
नाहीतर शाणूची किडनी
परकी समजून ढकलून देतील ती.
शाणू माझा धाकटा भाऊ.
टाके काढले त्या दिवशी म्हणाला,
बाय, तिला मधूनमधून हुमण घालत जा,
सवय आहे तिला.

दार सैल म्हणजे खारं आत येणार.
डॉक्टर नाग्वेकरांनी हे मला
रिपोर्टाच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं.
जिवंत जंतूंची लस नको, मेलेल्यांची चालेल.
मी म्हटलं, मेलेल्यांनी आजवर
माझं काही वाकडं केलेलं नाही.
हसल्या. आणि काविळीच्या लशीचे
दुप्पट ताकदीचे डोस लिहिले, चार वेळा.

सुईची भीती मला नाही.
एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते,
एक मोडकं टोक अजून बोटात आहे.
पण दंडात ती उतरते तेव्हा दरवेळी वाटतं,
आत कुणीतरी दचकून उठावं,
विचारावं: कोण तो?

फेरीबोटीनं रायबंदर, तिथून बस, बांबोळी.
चार वेळा गेले. मग रक्त घेतलं.
दहाच्या वर हवं होतं.
चार आलं.

चार बोटं कापड उरलं तरी
मी त्यातून खिसा काढते.
या चाराचं काय करायचं?
पुन्हा देऊ, डॉक्टर म्हणाल्या,
आणि फ्लूची तुमच्या घरातल्यांनाही घ्यायला सांगा.
शेजाऱ्यांनाही, ऐकत असतील तर.

परतताना फेरीत कठड्याशी उभी होते.
एक मुलगा माझ्याकडे तोंड करून खोकला.
त्याचा राग आला नाही.
राग आला माझ्याच रक्ताचा,
इतकं शिकवून कोरंच्या कोरं.

शाणूनं घेतली. वहिनीनं घेतली.
काजं-बटणं करायला येणारी इनासिना
न विचारताच घेऊन आली.
भाचीच्या बाळाला पोलिओचे थेंब पाजले तेव्हा
महिनाभर मी त्याला
अंगणाच्या त्या टोकावरून टाळ्या वाजवून दाखवल्या.
आता ते मला बघितलं की टाळ्याच वाजवतं,
जवळ येत नाही.

कायतान मात्र नाही म्हणाला.
मानशीवर जाळं लावणारा, माझ्या शेजारचा.
दर ओहोटीला सुंगटांची मूठ
माझ्या गडग्यावर ठेवून जाणारा.
अंगात कसलं पाणी घालतात देव जाणे, म्हणाला,
आणि वर्षभर हाच एक विषय टाळला आम्ही.

बांधाचं असं असतं,
माझा वाटा मी कितीही चिखलानं लिंपला,
शेजारच्या वाट्याला कुर्लीनं भोक पाडलं
की भात माझंही खारावतं.
हे कायतानला मी काय सांगणार?
ती भोकं बुजवण्यात त्याचा जन्म गेला.

मंगळवारी तो आला.
सुंगटं ठेवली, आणि गेला नाही.
शर्टाची बाही वर चढवलेली,
दंडाला कापूस, त्यावर चिकटपट्टी.
दुखता गो, म्हणाला.
रातभर दुखलां.

मला काही सुचेना.
त्याच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं दिसलं,
म्हटलं, दे इकडे, लावून देते.
तो बनियनवर ओट्यावर बसला, लांब,
डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढ्या अंतरावर,
आणि मी निळा दोरा ओवत राहिले,
शर्ट पांढरा आहे हे फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा पहिली सुई.
कदाचित पुन्हा चार.
खाली मानशीची दारं मिटल्याचा आवाज आला,
भरती लागली होती.
आठ वाजले. मी गोळी घेतली.