आकार

उद्यमबागेत लेथवर उभा असतो मी,
पाळीला तीनशे बुशिंगं.
आकार म्हणजे काय ते मला विचारा:
व्हर्नियर लावायचा,
केसभर जास्त असलं तर अजून एक कट,
कमी झालं तर भंगारात. तिथं उधारी नाही.

खडेबाजारातल्या मुजावर ट्रॅव्हल्सनं
मराठीत छापलेला कागद हातात दिला.
आरोग्य आकार, माणशी, दरसाल, आगाऊ.
पुढं जुना आकडा पेनानं खोडून
नवा लिहिलेला, तोही खोडून
त्याच्याहून नवा.

वैजू तिकडं आखातात नर्स, चार वर्षं झाली.
परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते,
पाठीला पावडर लावते.
त्याच इस्पितळाच्या काउंटरवर
माझ्या आणि मनस्वीच्या
अजून न आलेल्या तापाचे पैसे
आधी भरायचे.

ताप आलाच नाही तर परत देतात?
मी विचारलं, आणि फोनवर ती एवढी हसली
की खोलीतली केरळची मुलगी जागी झाली.

कागदांचं तर विचारूच नका.
मनस्वी जन्मली बेळगावात, सिव्हिलला:
दाखला कन्नडात, शिक्का बेंगळूरचा.
लग्न लागलं वैजूच्या माहेरी, शिनोळीला:
दाखला मराठीत, शिक्का मुंबईचा.
मधली हद्द मी सासुरवाडीला जाताना
गिअर न बदलता ओलांडतो.
एका दाखल्यावर होनगेकर,
दुसऱ्यावर होनगेकार.
तो एक काना काढायला
अठराशे रुपये.

मंगळूरला मेडिकल. छातीला थंडगार पत्रा.
"उसिरु हिडकोळ्ळी," टेक्निशियन म्हणाला.
मनस्वीनं गाल फुगवून श्वास धरला,
जिना उतरेपर्यंत धरूनच होती.
दोघंही फिट.
आमच्या फिट असण्याची मुदत दोन महिने,
पैसे जमायला लागले तीन.
परत मंगळूर, परत तोच पत्रा,
परत फिट, नव्या दरानं.

आईला डाव्या डोळ्यानं आता
दारात माणूस आहे एवढं दिसतं,
कोण ते दिसत नाही.
ऑपरेशन दिवाळी झाल्यावर, मग संक्रांत झाल्यावर.
मुजावरचा कागद तिनं उजव्या डोळ्याशी नेला,
बराच वेळ धरला.
"न आलेल्या दुखण्याला एवढं?
मग आलेल्याला काय ठेवलंस रे?"
आणि उत्तराची वाट न बघता
तांदूळ निवडायला लागली, बोटांनी.

वैजूनं भिशी उचलली, मी पीएफ.
सगळं मिळून आकडा बसतो
दीड माणसाचा.
अर्ध्या माणसाला फॉर्मवर रकाना नाही,
मी शोधला.

मार्चमध्ये वैजू येतेय, सहा दिवस,
मनस्वीला न्यायला.

शनिवारी पाळी सुटल्यावर
पितळेच्या उरल्या तुकड्यातून
तिला भोवरा काढून दिला. माप घेतलं नाही,
पहिल्यांदाच.
ओट्यावर तो असा स्थिर उभा राहिला
की फिरतोय हे कानांनीच कळत होतं.
"पप्पा, ह्याला पण मेडिकल लागतंय?"
"नाही गं. ह्याचं नुसतं वजन करतात."

तेव्हापासून घरातलं सगळं
ती काट्यावर ठेवत सुटलीय.
कन्नड शाळेची वही, यादी मराठीत:
भोवरा, एकशेचाळीस ग्रॅम.
आजीचं लोणचं, दीड किलो.
निळा स्वेटर (तिथं गरम असतंय, तरी).
आणि पान उलटल्यावर, एकटंच,
पेन्सिल दाबून लिहिलेलं:
पप्पा, बासष्ट किलो.

ते अजून कुणी खोडलेलं नाही.