चाळीस मिलिमीटर

आज ओहोटी पहाटे सहा चाळीसला.
इंजेक्शन रात्री नऊला, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही.
मधल्या वेळात मी कंबरेत वाकलेली,
आरोसाच्या खाडीत, गुडघाभर चिखलात,
दंताळ्यानं तिसऱ्या उकरते.

आमच्यात प्रत्येकीच्या मनगटाला एक माप असतं,
दोरीनं बांधलेलं, पत्र्याचं, खाच पाडलेलं.
चाळीस मिलिमीटरच्या आतली तिसरी
परत वाळूत टाकायची.
दोसिंदा म्हणते, टाकायची नाही गं उशिया, ठेवायची.
टाकलेली बगळे खातात.

वीगोच्या डॉक्टरीणबाईंकडेही मापच आहे.
करड्या पडद्यावर दोन फुल्या, मधे तुटक रेघ.
डावीकडची सिस्ट, बेचाळीस.
उजवीकडची, अठ्ठावीस.
आणि त्यांच्या आडोशाला,
नाचात कुणी न बोलावलेल्या पोरींसारखे
भिंतीला टेकलेले बीजकोश:
अकरा, नऊ, सहा.
"अठराच्या पुढे जायला हवेत," त्या म्हणाल्या.
मी मनातल्या मनात माप लावून पाहिलं.
बादलीत टाकण्याजोगी एकच निघाली,
तीही सिस्ट.

तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.
हे नाव ठेवणाऱ्यानं जुनं रक्त पाहिलं असणार,
चॉकलेटही खाल्लं असणार,
पण दुसऱ्या दिवशीच्या कळा घेऊन
भरलेली बादली काठापर्यंत
तो कधी चालत आलेला नाही.

अकरा वर्षं मी म्हणत होते, दुखतंय.
अकरा वर्षं सगळ्या म्हणत होत्या, कुणाचं दुखत नाही?
चिखलात राबणाऱ्या बाईचं दुखणं
चिखलाच्याच नावावर चढतं.
गावातल्या दवाखान्यात गोळ्या मिळायच्या,
वर फुकटचा सल्ला:
एक मूल होऊ दे, थांबेल सगळं.

काढून टाका ना, मी म्हटलं होतं.
काढता येईल, बाई म्हणाल्या,
पण सोलताना चांगलंही सालीसोबत निघतं,
आणि तुझ्याकडे चांगलं मोजकंच आहे.
ठेवली तर सुईच्या वाटेत येणार.
आणि ही औषधं
बीजासोबत तिलाही पोसणार.
खत ते खत. तण असो की पीक, ते विचारत नाही.

फ्रिजमध्ये सलगमच्या पाल्याच्या सूपशेजारी
माझी खोकी. त्यांवर ब्रेइशोनं लिहिलंय: हात लावू नका.
घरात आम्ही दोघंच.
कालवांच्या दोरांनी चिरलेल्या त्या बोटांनी
तो कुपी उजेडात धरतो, टिचकी मारतो,
बुडबुडा वर येईस्तोवर श्वास धरून ठेवतो.
मग टोचतो. मग म्हणतो, झालं.
रोज तेवढंच म्हणतो.
एका रात्री तो मोरीत बराच वेळ हात धूत होता,
नळ चालू ठेवून.

काल उजवीकडून दोन निघाली.
डावीकडे त्या गेल्याच नाहीत.
आज प्रयोगशाळेतून फोन येणार, दहा ते बारा.
पाण्यात उतरू नको असं बजावलंय,
म्हणून मी काठावर उलट्या बादलीवर बसून
इतरींच्या तिसऱ्या मापते.
माझ्या वाट्याचे किलो दोसिंदा भरते आहे.
पाच पोरांची आई. तिला दोनच हवी होती,
हे ती मला अंत्ययात्रेतसुद्धा ऐकवते,
आणि आज एकदाही बोललेली नाही.

एक तिसरी खाचेत अडली. अडली की निसटली?
पुन्हा लावली. पुन्हा तेच.
ओल्या हाताचा दोष असेल, किंवा मापाचा,
पत्राही वर्षांनी झिजतोच.

अकरा वाजून वीस.
रबरी बुटाच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
फोन थरथरतो.
माझे दोन्ही हात चिखलाचे,
एका मुठीत ती, अजून न ठरलेली.
"दोसिंदा," मी हाक मारते,
"हे धर जरा. टाकू नकोस."