पाठ

ठरलं होतं असं:
सदुसष्टाव्या मिनिटाला सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करायची.
दहा मिनिटं. एकही शब्द नाही.
सदुसष्टच का, ते आता कुणालाच आठवत नाही.
मॉरीन स्ट्रेकर म्हणते, सदुसष्ट लाख पौंडांना विकत होता तो मैदान.
विल्फ म्हणायचा, छे,
स्टेडियमकडे येणारी बस सदुसष्ट नंबरची होती.

त्याआधी आम्ही सगळं करून पाहिलं होतं.
टॅनर्स लेनवरून शवपेटी काढली,
आत क्लबचा स्कार्फ, आणि वजन वाटावं म्हणून
बटाट्यांचं पोतं. मागचा डावा खांदा माझा.
कोपऱ्यावरच्या पोलिसाने टोपी काढली.
त्याला वाटलं, खरंच कुणी गेलंय.
आम्ही काही सांगितलं नाही त्याला.

मासळीबाजारात बादल्या घेऊन उभे राहिलो.
नाण्यांना आठवडाभर हॅडॉकचा वास.
बँकेतल्या पोरीने नाक न मुरडता मोजली सगळी,
तिचा बाप एके काळी आमचा गोलकीपर.

मालक यायचा महिन्यातून दोनदा, उंटाच्या रंगाच्या कोटात,
आणि काचेमागे बसायचा.
त्याला तिथे फ्लॅट बांधायचे होते, समुद्र दिसणारे.
तिथून समुद्र दिसत नाही.
गॅसची टाकी दिसते.

तर ती मॅच. मार्चमधला मंगळवार,
पाऊस आडवा, बंदरावरून थेट तोंडावर.
शून्य-शून्य, आणि तेही आमच्या नशिबाने.
शिट्टी मॉरीनने वाजवली
आणि चार हजार माणसं वळली.
शेवटच्या रांगेतले एकदम पहिल्या रांगेत आले,
समोर त्यांच्या नुसती ओली भिंत.
माझ्यासमोर एका अनोळखी माणसाची मान,
कॉलरच्या वर सुईएवढा तीळ.
अजून ओळखेन मी तो तीळ.

मग आवाज आला.
चामड्यावर एक ठोका.
मग काहीच नाही, फार वेळ काहीच नाही.
मग जाळं.
आणि कोपऱ्यातून पाहुण्यांच्या सत्तावीस जणांचं
लांबलचक विव्हळणं.

हेझल नऊ वर्षांची होती. माझा हात ओढत म्हणाली,
बाबा, गोल आपला झाला का?
मी म्हणालो, शूऽऽ.
एकही मान वळली नाही.
विल्फ रडत होता, भिंतीकडे तोंड करून.
टीव्हीवाल्यांचा एकमेव कॅमेरा
आमचे चेहरे टिपत होता.
आमच्या मैदानावर झालेला सगळ्यात देखणा गोल
आमच्या गावात फक्त एकाने पाहिला,
उंटाच्या रंगाच्या कोटात, काचेमागे.
टाळी नाही वाजवली म्हणे त्याने.

क्लब वाचला. कसा, ते वकिलांना विचारा,
चौदा महिन्यांची कंटाळवाणी गोष्ट आहे.
आता आम्ही चार पायऱ्या खाली खेळतो,
कुंपण स्वतः रंगवतो, चहा स्वतः करतो, हरतोही स्वतःच.
विल्फ गेला दोन वर्षांपूर्वी.
त्याच्या पेटीलाही मागचा डावा खांदा माझाच.
बटाट्यांपेक्षा हलका होता.

गेल्या महिन्यात क्लबहाउसचा बॉयलर बिघडला
आणि प्लंबर म्हणून आला डेंझिल कॉब.
लेफ्ट बॅक. दोनशे अकरा सामने, एक गोल.
केस गेलेत त्याचे. गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होता.
मॉरीनने विचारलंच शेवटी:
इतक्या लांबून मारावासा वाटला तरी कसा तुला?
तो म्हणाला, "कुणी बघत नव्हतं ना.
एरवी हसला असता तुम्ही."

हसलो असतो. खरं आहे.

तरी टॅनर्स लेनवर कुणालाही विचारा,
चेंडू कुठून सुटला, कसा वळला,
खांबाला किती घासून आत गेला.
ज्यांनी त्याच्याकडे पाठ केली त्या प्रत्येकाला
तो गोल पाठ आहे.
प्रत्येकाचा वेगळा.
डेंझिल ऐकून घेतो सगळं,
कुणालाच दुरुस्त करत नाही.
बॉयलर तेवढा केला त्याने. तोही थोडा गळतोच.