खोटा गजर

उजळाईवाडीच्या विमानतळावर
हैदराबादचं विमान सुटायच्या दोन तास आधी
मी मेणाच्या पेटीचं कुलूप काढतो.
आत कॅलिफोर्नियम,
मिरीच्या दाण्याएवढंही नाही,
अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होणारं.

न्यूट्रॉनला ना धन ना ऋण.
शिशाच्या भिंतीला तो विचारत नाही,
मेणापाशी मात्र दमतो.
बॅगेत शिरतो, नायट्रोजनच्या घरात मुक्काम करतो
आणि तिथून एक किरण बाहेर पडतो:
दहा पूर्णांक आठ.
एवढा एकच आकडा ऐकायला
तीन महिने मला इथं बसवलंय.

गुळाच्या ढेपा गेल्या, चकार शब्द नाही.
कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीला
यंत्र जरासं खाकरलं.
मग सुतळीनं आवळलेली कापडी पिशवी आली
आणि बोंब उठली.

दौलू व्हटकर, सुभाषनगर, वय बहात्तर,
विमानात पहिल्यांदाच.
हवालदार मगदूमबाईंनी गाठ सोडली.
पेपरात गुंडाळलेले नऊ जोड,
वादीनं शिवलेले, तेल पाजलेले,
खिळा औषधालाही नाही,
म्हणून धातूची कमान गप्प राहिली होती.

"काय घावलं ओ?"
"नायट्रोजन, काका."
"म्हंजे?"
म्हणजे जो युरियात असतो, कातड्यात असतो,
आणि आणखी ज्यात असतो
त्याचं नाव इथं मोठ्यानं घेत नाहीत.

ते हसले.
"कातडं वळखायला एवढी मशीन?
आमच्या दारावरनं जाताना लोकं
नाकाला पदर लावूनच वळखायची."
आणि आरीनं चरे पडलेला हात
पट्ट्यावर ठेवून म्हणाले,
"ह्यो घाला की आत. ह्योबी वरडंल?"

मी हात धरून बाजूला घेतला.
ओरडलं असतं, थोडंसं.
माझ्या हातालाही,
मगदूमबाईंच्याही.

वहीत रकाना छापलेलाच होता: खोटा गजर.
लिहिलं: नऊ जोड, म्हशीचं कातडं.
'खोटा'वर पेन जरा रेंगाळलं,
पण दुसरा रकाना नव्हता.

त्यांनी दातानं सुतळी ओढून गाठ मारली.
तेवढ्यात दिसला नववा जोड,
माझ्या करंगळीएवढा.
"पणतू. अजून बसाय येत न्हाई."

बेंगळुरूच्या विमानापर्यंत
पट्ट्याला तेलाचा वास होता.
पेटी बंद करताना मी हिशेब केला:
ते पाय अंगणात पळायला लागतील
तोवर आतला दाणा
निम्मा झालेला असेल.